मामांची चव्वेचाळीस-चाळीस: एका कार्बाइनच्या नोंदी

30 नोव्हेंबर 2024, शनिवार

निवडणूक झाली, आचारसंहिता उठली आणि पोलीस ठाण्यात जमा असलेली मामांची बंदूक काल परत घरी आली. शिरपूर तालुक्यात अनेर नदीच्या बाजूला मामांचं शेत आहे. वय अठ्ठ्याहत्तर. परवाना त्यांच्याच नावावर. मामेभाऊ पुण्याला असतो, त्याला बंदुकीत रस नाही. पुढं ती ठेवायची की सोडायची, हे ठरवण्याआधी तिची नीट नोंद व्हावी असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नर शिकवला, नेमबाजीचा नाद वेगळा. मामा म्हणाले, "तूच कर."

पहिल्याच दिवशी दोन नियम ठरवले. मामा समोर असल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. आणि हात लावला की आधी लिव्हर (चापाभोवतीचा दांडा) उघडून नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे का, ते डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासायचं. मॅगझिनचंही, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीचंही, तसंच.

मागच्या पट्टीवर मॉडेल 1892 आणि नळीवर काडतुसाचं माप 44 डब्ल्यू. सी. एफ. (बोलीत चव्वेचाळीस-चाळीस), दोन्ही भिंगातून वाचता येतात. विंचेस्टर कंपनीची लिव्हर कार्बाइन, म्हणजे दांडा खाली-वर करून भरायची आखूड, हलकी रायफल. नळी 20 इंच, डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची कडी. मामींच्या धान्याच्या काट्यावर वजन 2 किलो 650 ग्रॅम.

1 डिसेंबर, रविवार

आज फक्त पुसणं. दस्त्याच्या बुडाशी गंज, नळीच्या बाहेरून थोडे काळे डाग. तांब्याचा ब्रश आणि तेल, बाकी काही नाही. पॉलिश मारायचा मोह मी टाळला. जुनी खूण एकदा घासली की परत येत नाही.

मॉडेल आधी ठरवलं ते बरं झालं. याच कंपनीची 1873 ची बंदूक हेच काडतूस खाते, पण आतली अडकण साधी बिजागरीसारखी असते. 1892 ची रचना जॉन ब्राउनिंगची: बोल्टच्या (काडतुसाला मागून बंद करणाऱ्या तुकड्याच्या) मागं दोन उभे ठोकळे दोन्ही बाजूंनी वर सरकतात आणि बोल्टला मागून आधार देतात. लेथच्या टेलस्टॉकला दोन्हीकडून लॉक केल्यासारखं. पुढच्या काळात 1892 साठी जोरकस भरणीची काडतुसं निघाली, तेव्हा ती 1873 मध्ये घालू नयेत असं खोक्यावर छापावं लागलं. काडतूस घरात बसतं म्हणजे बंदुकीला ते झेपतं, असं नाही.

8 डिसेंबर, रविवार

मामांकडे जुनी तीन काडतुसं आहेत, बुडावर किनॉक या काडतूस कंपनीचं नाव. परवान्यावर नोंद आहे. व्हर्नियरनं मोजली:

बुडाची कड 13.3 मिमी. पुंगळीची, म्हणजे पितळी नळकांड्याची लांबी 33.1 मिमी. गोळीसकट एकूण 40.4 मिमी. पुंगळीचं तोंड बुडापेक्षा किंचित निमुळतं.

मामा शेजारी बसून विचारत होते, "आते हाई काडतूस कोठे भेटस रे भाऊ?" आपल्याकडच्या दुकानात भेटत नाही. आणि ही तीन उडवायची नाहीत, हेही मी त्यांना तेव्हाच सांगितलं. आतली दारू आणि टोपी (बुडातला ठिणगी पाडणारा भाग) किती जुनी आहे ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

पण या काडतुसाची गोष्ट मला लिहायचीच आहे, कारण लोक ती उलटी सांगतात. रिव्हॉल्व्हरची गोळी लांब नळीत घातली म्हणजे कार्बाइन झाली, असा समज आहे. चव्वेचाळीस-चाळीस मात्र 1873 साली बंदुकीसाठीच जन्मली. 200 ग्रेनची, म्हणजे 13 ग्रॅमची शिशाची गोळी आणि मागं 40 ग्रेन काळी दारू. त्या चाळीसवरूनच तिचं बोलीतलं नाव पडलं. नंतर चार-पाच वर्षांत कोल्ट कंपनीनं आपलं रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी काढलं. मग कमरेला आणि खोगिराला एकाच पट्ट्यातलं काडतूस चालू लागलं. दूरवर भटकणाऱ्या माणसाला ही केवढी सोय होती, हे ज्यानं ऐन वेळी चुकीच्या मापाचा बोल्ट खिशातून काढलाय त्यालाच कळेल.

उलटा प्रवास, म्हणजे रिव्हॉल्व्हरकडून कार्बाइनकडे, बराच नंतर झाला. कोल्टचं प्रसिद्ध 45 चं काडतूसही 1873 चंच, पण त्या काळच्या लिव्हर बंदुकीत ते गेलं नाही. त्याच्या बुडाची कड इतकी बारीक होती की बंदुकीच्या हुकाला पुंगळी ओढून काढायला धरायला काही मिळेना. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी मागून दांडीनं ढकलून काढतात, तिथं कड बारीक असली तरी भागतं. मिलिमीटरच्या अंशानं एक जोडी जमली नाही. 357 मॅग्नमची काडतुसं 1935 ची आणि 44 मॅग्नमची 1955 ची. या दोन खऱ्या रिव्हॉल्व्हरच्या, आणि आज परदेशात लिव्हर कार्बाइनमध्ये खूप चालतात त्याही याच. रूगर कंपनीनं 44 मॅग्नमसाठी आपोआप भरणारी कार्बाइन 1961 सालीच काढली होती.

कड असलेली काडतुसं पेटीच्या मॅगझिनमध्ये एकमेकांच्या कडेत अडकतात. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये ती एकामागं एक झोपतात, तिथं कडेचा त्रास नाही. पण तिथं दुसरी गोष्ट जपावी लागते: मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतं. म्हणून या तिन्ही गोळ्यांचं नाक सपाट आहे. मामांच्या नातवाला हे दाखवलं तेव्हा तो एकदम गप्प झाला. टोकदार गोळी असती तर बंदुकीच्या धक्क्यानं तिनं पुढच्या टोपीवर सुईसारखं काम केलं असतं.

15 डिसेंबर, रविवार

नळीचं काम. आजचा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचा पीळ. सफाईच्या दांडीला घट्ट कापड गुंडाळलं, दांडीवर खडूची रेघ मारली आणि सावकाश आत ढकललं. दांडी आट्यांबरोबर फिरते. नळीभर जाताना अर्ध्या फेऱ्याहून थोडी जास्त फिरली. हिशोबानं 36 इंचांत एक फेरा. रिव्हॉल्व्हरमध्ये याच्या दुपटीहून जास्त पीळ असतो, कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला 16 इंचांत एक. 44 मॅग्नमच्या मार्लिन कार्बाइनलाही 38 इंचांत एक असा मंदच पीळ आहे. त्यात लांब, जड गोळ्या नीट स्थिर होत नाहीत. आखूड गोळीला मंद पीळ पुरतो.

मग मऊ शिशाची गोळी तेल लावून तोंडाकडून आत ढकलली. हे करताना हाताला जे कळतं ते मापात येत नाही. पहिले चार सेंटीमीटर गोळी जवळजवळ बोटानं गेली. मग एकदम घट्ट. मग शेवटपर्यंत सारखी घट्ट. मागून कापडावर पडली ती मायक्रोमीटरनं मोजली: आटे सहा, म्हणजे समोरासमोर येतात, माप सरळ बसतं. 10.87 मिमी. आतली नळी मूळ मापात आहे. झिजलंय ते फक्त तोंड.

कारण लगेच लक्षात आलं. लिव्हर बंदुकीची नळी मागून साफ करता येत नाही, दांडी तोंडाकडूनच घालावी लागते. तीन पिढ्यांनी मनापासून साफ केली, आणि दर वेळी दांडी तोंडाच्या कडेला घासत गेली. बंदूक वापरून झिजलेली नाही, निगा राखताना झिजली. मामांना हे सांगताना मला जड गेलं. दर दसऱ्याला पूजेआधी ती साफ करायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे होतं. ते काही बोलले नाहीत, दांडी हातात घेऊन बघत राहिले. मी त्यांना म्हटलं, साफ केली नसती तर काळ्या दारूनं आतली सगळी नळी खाल्ली असती. हे खरंच आहे. तोंड झिजलं, पण नळी वाचली. यापुढं दांडीला पितळेचं बूच घालायचं, म्हणजे ती मधोमध राहील. ते बूच मी लेथवर करून देणार आहे. ते सफाईचं साधन आहे, बंदुकीचा भाग नाही.

तोंड चार सेंटीमीटर कापून नवीन कड करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. माझे हात त्यासाठी शिवशिवले, हे खरं लिहितो. पण 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. ते काम माझं नाही.

22 डिसेंबर, रविवार

शेतात भरिताचा कार्यक्रम. पाहुणे बरेच, म्हणून बंदूक कपाटात. पण प्रश्न झालेच, आणि दोन प्रश्न चांगले होते.

मामींच्या भावानं विचारलं, रिव्हॉल्व्हरलाच दस्ता लावला तर? ते करून झालंय. कोल्टनं 1855 च्या रचनेची फिरत्या चक्राची रायफल काढली होती. चक्र आणि नळी यांच्यात फट राहते, आणि बार उडाला की त्या फटीतून आग आणि शिशाचे कण बाजूला उडतात. एका हातानं रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याला ते लागत नाही. पण लांब बंदुकीला डावा हात पुढं असतो, बरोबर त्या फटीसमोर. लिव्हर कार्बाइनला फट नाही, सगळा वायू गोळीमागंच राहतो. चव्वेचाळीस-चाळीसच्या पुंगळीचं तोंड तर इतकं पातळ आहे की बार होताच ते फुगून घराला चिकटतं आणि काजळी मागं येऊ देत नाही.

दुसरा प्रश्न धुळ्याच्या साडूंचा. त्यांच्याकडे सरकारी कारखान्याचं 32 चं रिव्हॉल्व्हर आहे. तीच गोळी लांब नळीतून मारली तर जोर किती वाढेल? फारच थोडा. 98 ग्रेनची गोळी, मागं चिमूटभर झटकन जळणारी दारू. ती पहिल्या काही इंचांतच जळून संपते, पुढची नळी फक्त घासत राहते. सेकंदाला 215 मीटरच्या आसपास वेग, ऊर्जा दीडशे जूलच्याही आत. नेमबाजीच्या 25 मीटर सेंटर-फायर स्पर्धेत हेच काडतूस जगभर आवडीनं वापरतात, कारण ते शांत आणि एकसारखं आहे. त्याला तिथंच मान आहे. याउलट 44 मॅग्नममध्ये दारू भरपूर आणि सावकाश जळणारी. 240 ग्रेनची गोळी चार इंची नळीतून सेकंदाला 360 मीटरच्या आसपास निघते, वीस इंची नळीतून 536. लांब नळीचा फायदा काडतुसात किती आणि कोणती दारू आहे, त्यावर ठरतो. साडूंना हे पटलं की नाही माहीत नाही, पण कळण्याची भाकरी हातात तशीच धरून ते ऐकत होते.

29 डिसेंबर, रविवार

छोटी नोंद. नेम धरायच्या मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकाशी असलेल्या खुणेपर्यंत) कार्बाइनवर 43 सेंमी. क्लबात एका लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरवर हेच अंतर 15 सेंमी भरलं. नेम धरताना माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर 50 मीटरवर रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण 17 सेंमी बाजूला जाते, कार्बाइनची 6. गोळी तीच असली तरी हा फरक पडतो. दस्ता खांद्याला, गाल लाकडाला, दोन्ही हात. कार्बाइनचा खरा फायदा मला वेगापेक्षा इथं जास्त दिसतो. नवशिक्याला रिव्हॉल्व्हरनं पाच-दहा मीटरवर जे जमत नाही ते हलक्या कार्बाइननं पन्नासवर जमतं, धक्का कमी असल्यामुळं तो दचकतही नाही.

12 जानेवारी 2025, रविवार

गोळीची वाट मांडली. सुटताना वेग सेकंदाला 375 मीटर धरला, काळ्या दारूच्या मूळ भरणीशी जुळतो. शंभर यार्डांवर तो साधारण 305 वर येतो. सपाट नाक हवा फार अडवतं. नळीच्या सरळ रेषेपासून गोळी किती खाली येते:

50 मीटरवर 10 सेंमी. 75 वर 23. 100 वर 44. 150 वर मीटरभराहून थोडी जास्त.

ऊर्जा तोंडाशी 900 जूलच्या वर, शंभर यार्डांवर 600 च्या आसपास. 44 मॅग्नम कार्बाइनची गोळी शंभर मीटरवर याच्या निम्मीच, साधारण 22 सेंमी खाली येते. म्हणून परदेशात हरणाच्या शिकारीला ती झाडीत, शंभर मीटरच्या आत वापरतात. त्यापुढं रायफलचं काम.

आकडे बघताना एक गोष्ट मनात बसली. या बंदुकीला दुबळी रायफल म्हणणं चूक आहे आणि जबर पिस्तूल म्हणणंही चूक आहे. तिचं एक स्वतःचं अंतर आहे. त्या अंतरात ती हलकी, झटपट आणि पुरेशी. 50 वर नेम धरणाऱ्यानं 150 वर अंदाजानं चाप ओढला, तर जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातं. शिकारीतलं याहून वाईट काही मला सांगता येणार नाही.

मामांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी ऐकलं आणि आपल्या आजोबांचं वाक्य सांगितलं. माळ्यावर बसून पिकं राखायचे तेव्हाचं: "आजा म्हने, निंबना अल्याड ऊनं ते मारानं, पल्याड शे ते जाऊ देवानं." निंब अजून उभा आहे का, विचारलं. आहे म्हणाले.

26 जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन करून शेतात. आकडे कागदावर कुणाला कळत नाहीत, म्हणून वाट दोरीनं दाखवायची ठरवली. बंदूक नेली नाही, गरजच नव्हती.

जुन्या माळ्याची जागा मामांनी दाखवली, विहिरीच्या काठावर दगडांचा चौथरा राहिलाय. तिथून बांधालगत बांबूच्या काठ्या दर 25 मीटरवर, 150 पर्यंत. पांढरी दोरी म्हणजे नेमाची रेषा, लाल दोरी गोळीची वाट. नेम 75 मीटरला जुळवला असं धरलं. म्हणजे 50 वर लाल दोरी पांढरीच्या 5 सेंमी वर, 75 वर दोन्ही एक, 100 वर 13 सेंमी खाली, 150 वर साठेक सेंमी खाली. साइटची उंची हिशोबात घेतली नाही. पांढरी दोरी मध्ये झोल खाऊ नये म्हणून प्रत्येक काठीला बांधावी लागली, यातच दोन तास गेले. ऊन चढलं तसा वाराही सुटला. शेवटची काठी दोनदा पडली.

पण दोरी उभी राहिली तेव्हा जे दिसलं ते मी कागदावर कधी पाहिलं नव्हतं. शंभर मीटरपर्यंत दोन्ही दोऱ्या जवळजवळ एकमेकींना धरून चालतात. रानडुकराच्या छातीत मावेल एवढाच फरक. त्यानंतर लाल दोरी हात सोडल्यासारखी खाली जाते. नातू तिच्याबरोबर पळत गेला आणि दीडशेच्या काठीशी थांबून ओरडला, "इथं तर पायाला लागेल!"

जेम्स आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पुढच्या दहा वर्षांत 191 वाघ त्याच्या समोर मारले गेले असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. तेव्हा तोंडातून भरायच्या बंदुका, एक बार झाला की पुन्हा दारू, पुन्हा गज. त्या खानदेशात वाघाजवळ जावंच लागे. ही कार्बाइन आली तेव्हा लागोपाठ बार करता येत होते, तरी मामांच्या आजोबांनी लांबून मारायची सवय धरली नाही. याबद्दल मला त्या माणसाविषयी आदर वाटतो. शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली. आज मक्यात डुकरं येतात तेव्हा मामा फटाके लावतात आणि नुकसानीचा पंचनामा करून घेतात. पीक राखण्यासाठी शस्त्र कायद्यात उल्लेख आहे तो तोंडातून भरायच्या बंदुकीचा. ही कार्बाइन त्या कामाची राहिलेली नाही.

शेवटी मामा निघाले. काठी टेकत, दोरीच्या कडेकडेनं, चौथऱ्यापासून निंबापर्यंत. मी टेप धरून मागं. निंबाच्या बुंध्याशी हात लावून ते म्हणाले, "बस, आठेच."

टेपवर 71 मीटर.

9 फेब्रुवारी, रविवार

पितळी बूच तयार झालं, नळीच्या तोंडात नीट बसतं, दांडी मधोमध जाते. मामांनी स्वतः एकदा साफ करून पाहिली.

मामेभाऊ आला होता. फाईल वाचली, दोरीचे फोटो पाहिले. मामांच्या हयातीत परवाना चालू ठेवायचा असं त्यानंच सुचवलं. पाच वर्षांचं नूतनीकरण यंदा आहे, त्याचा अर्ज तो भरणार. त्यानंतर बंदूक निकामी करून घरात ठेवता येईल का, याची रीतसर चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची. तीन काडतुसांचं काय करायचं तेही तिथंच विचारायचं.

राहिलेलं काम: नळीच्या तोंडाचा भिंगातून फोटो, मॅगझिनच्या स्प्रिंगची लांबी, आणि फाईलच्या पहिल्या पानावर शेताचा नकाशा. त्यात चौथरा, बांध, निंब आणि 71.